हिमरू तळ्यावर गेला

फिनलंडमध्ये एका तळ्याकाठी हिमरू नावाचा एक म्हातारा राहतो. कमी बोलतो. एकटाच असावा. मधूनच कॉम्प्युटर सोडून तळ्यावर जातो, थंडीत बर्फाला भोक पाडून मासे धरतो, आणि परत आला की राहिलेलं वाक्य पूर्ण करतो. जगभरातल्या काही हजार लोकांना ही माहिती पक्की ठाऊक आहे. ऐकीव माहितीवर विश्वास ठेवायचा नाही, हे या लोकांचं ब्रीद आहे.

हिमरू खरं तर आमच्या शहराच्या जुन्या भागात, चेलीपुऱ्यात राहतात. त्यांचं नाव वहिदा. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्या सहायक आहेत. माझा एम.ए.चा प्रबंध त्यांच्याच लॅबमध्ये, खिडकीजवळच्या मशीनवर टाइप झाला. ते मशीन सारखं रुसायचं. मग वहिदाबाजी, म्हणजे वहिदाताई, यायच्या, आजारी माणसाची नाडी बघावी तसं कीबोर्डवर दोन बोटं ठेवायच्या, आणि ते निमूट कामाला लागायचं.

"बाजी, तुमच्यावर लिहू का?" असं मी विचारलं तेव्हा त्या नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. या बाईनं आपल्या फोनलासुद्धा खरी जन्मतारीख सांगितलेली नाही. पण त्या म्हणाल्या, "लिही. फिनलंडमध्ये मराठी कोण वाचतंय? आणि चेलीपुऱ्यात तरी कोण वाचतंय?"

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आमच्या कॉलेजात बजेटच्या बैठकीतून आली. दरवर्षी लायसन्ससाठी खर्च कशाला, असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या मशीनवर लिनक्स बसवायचं ठरलं. लिनक्स फुकट असतं, आणि त्याच्या आत काय चाललंय हे कुणालाही उघडून बघता येतं. पैकी पहिलीच गोष्ट कार्यवृत्तात आली. बसवायचं काम वहिदाबाजींकडे आलं. ते त्यांनी पुस्तकं वाचून आणि इंटरनेटवर विचारून निभावलं. पडद्यावरचं चित्र नीट हलतं का, हे तपासायला एखादा गेम टाकून बघावा लागतो. बाजींनी ट्रक चालवायचा गेम टाकला. तपासणी पाच मिनिटांची होती. ती अजून चालू आहे.

त्यांचे यजमान मोहियोद्दीनभाई वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत, कंपनीच्या बसनं जातात-येतात. घरातली मोटरसायकल मुलाची. बाजींनी आयुष्यात कुठल्याच वाहनाला हात लावलेला नाही. पण बर्फ पडत असताना, डोंगरातल्या वळणावर, मागं लोखंडी पाइप लादलेला ट्रक रिव्हर्स कसा घ्यायचा, हे त्यांना विचारा. रिक्षात त्या माझ्या शेजारी बसल्या की गुलमंडीच्या गर्दीत त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत असतो.

तर लिनक्स असं आलं, गेम असा आला. प्रायव्हसी मात्र गुडघ्यातून आली.

काही वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे दुखायला लागले. घरात त्या बोलल्या नाहीत. बोललं की सासूबाईंच्या काळातल्या बायका कशा दहा घागरी वाहायच्या ते ऐकावं लागतं. त्यांनी फक्त मोबाईलवर, घरच्याच वायफायवर, उपाय शोधला. संध्याकाळी मोहियोद्दीनभाई बसमधून उतरले ते हातात फोन धरूनच.

"क्या गे, तेरे घुटने दुखते क्या? सकाळपासून मला गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती दाखवतोय हा."

बाजी मला हे सांगताना अजून लाल होतात. "मी कुणाला म्हणाले नव्हते गं. स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हणाले नव्हते."

मी म्हटलं, "पण बाजी, तुमच्या गल्लीत तर सगळ्यांना सगळं माहीत असतं. समोरच्या कहकशा आपा कुकरच्या शिट्ट्यांवरून पाहुणे ओळखतात."

"ओळखू दे की. कहकशाला कळलं तर ती वाटीभर सालन घेऊन येते. कंपनीला कळलं तर काय घेऊन येते? तेल. तेही विकत."

त्या दिवसापासून त्यांनी एकेक दार लावत आणलं. आणि दारं कशी लावायची, हे विचारत विचारत त्या एका फोरमवर पोहोचल्या. लिनक्सवर गेम खेळणारे, त्यातही आपली माहिती कंपन्यांना द्यायची नाही असं व्रत घेतलेले, देशोदेशीचे लोक तिथं जमतात. चर्चा मोठ्या धारदार असतात. विंडोजसाठी बनवलेला गेम लिनक्सवर चालवायचा तर मध्ये एक दुभाष्या सॉफ्टवेअर बसवावं लागतं. त्या दुभाष्याचं कोणतं व्हर्जन बरं, यावर दोन तट पडलेत आणि ते एकमेकांच्या चर्चेत पाऊल टाकत नाहीत. कुणी फोनचा माइकच उपटून टाकलेला असतो. एकानं लिहिलं होतं की तो झोपताना फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. त्याखाली, डब्याचं झाकण किती घट्ट हवं, यावर आठवडाभर वाद झाला.

नाव नोंदवताना खरं नाव द्यायचं नव्हतं. बाजींच्या वडिलांचा हातमाग होता. हिमरूच्या, आमच्या शहराच्या खास रेशमी-सुती विणीच्या, शाली विणायचे. ते गेले, माग गेला, शालीचा एक तुकडा फ्रेम करून भिंतीवर राहिला. समोर तो दिसला, म्हणून हिमरू. शहरातल्या कुणीही पत्ता ओळखला असता. पण फोरमवर शहरातलं कुणी नव्हतं. हे नाव उत्तरेकडचं वाटतं, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं, फिनलंडचं असणार, असं लिहिलं. बाजींनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. स्वतःबद्दल काही सांगायचं नाही, हा नियमच होता. त्या उत्तरंही थोडक्यात द्यायच्या. लॅबमध्ये वर्षानुवर्षं मुलांना 'आधी वायर बघ' एवढंच सांगत आल्यामुळे ती सवय लागली होती. गेममध्ये त्या बर्फातच ट्रक चालवायच्या. एवढ्या पुराव्यावर तर पोलीससुद्धा माणूस धरतात.

राहिलेलं काम पाण्यानं केलं.

आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. कधी त्याहून उशिरा, कधी सांगून, बहुतेकदा न सांगता. पाणी येतं तेव्हा माणूस जे काही करत असेल ते सोडतो. लग्नातला मांडव सोडून गेलेले लोक मी पाहिलेत. बाजी फोरमवर कुणाची अडचण सोडवत असल्या आणि गल्लीत "पानी आया!" अशी हाक उठली, की त्या इंग्रजीत तीन शब्द टाइप करायच्या: 'पाणी. नंतर येतो.' मग हौदाचं झाकण, मोटर, पाइप, ड्रम, गच्चीवरची टाकी. परत यायला दोन तास लागायचे.

तिकडे लोकांनी या तीन शब्दांवर फार विचार केला. पाणी म्हणजे तळं, हे उघडच होतं. आठवड्यातून एकदा, काहीही चालू असलं तरी उठून तळ्यावर जाणारा माणूस! एका डच सभासदानं लिहिलं की, आपण सगळे प्रायव्हसी-प्रायव्हसी करतो, पण पडद्यापासून उठून जायचं धैर्य फक्त हिमरूकडे आहे. पुढं पुढं फोरमवर ती म्हणच पडली. वाद फार तापला की कुणीतरी लिहायचं, 'जा, जरा तळ्यावर जाऊन या.' अशा माणसाला मॉडरेटर, म्हणजे वाद मिटवणारा आणि बेशिस्त सभासदाला बाहेर काढणारा, करणं भागच होतं. बाजी मॉडरेटर झाल्या.

आणि मग फोरमवर तन्वीर आला.

तन्वीर त्यांचा एकुलता मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे घरात जे जे बिघडतं ते का बिघडलं हे त्याला ठाऊक असतं. हॉलच्या कोपऱ्यात कॉलेजनं मोडीत काढलेलं एक मशीन आहे, त्यावर क्रोशाचं कव्हर. त्याला तो 'अम्मीचं खटारं' म्हणतो. अम्मी त्यावर कॉलेजचं काम करते, अशी त्याची समजूत. त्याच्या लॅपटॉपवर एक गेम चालेना, म्हणून तो 'बेनाम' या नावानं फोरमवर आला आणि अडचण समजावी म्हणून पडद्याचं चित्र टाकलं. पडद्यावर पार्श्वभूमीला त्यानं आपल्या मोटरसायकलचा फोटो लावलेला होता. मोटरसायकलमागं घराचं दार होतं. दारात बाजींच्या चपला.

हिमरूचा त्याला पहिला संदेश असा गेला: 'आधी चित्र काढून टाका. मागं कुणाच्या तरी चपला दिसताहेत.'

तन्वीर थक्क झाला. हिमरूची फ्रेम घरच्याच भिंतीवर होती, पण फोरमवर सगळे फिनलंड म्हणत होते, म्हणजे फिनलंडच. जेवताना त्यानं वडिलांना सांगितलं, "अब्बा, काय नजर आहे या माणसाची! फिनलंडमध्ये बसून चपला पाहिल्या."

पुढचे काही आठवडे घरात शाळा चालली. आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मुलगा प्रश्न टाकायचा, हॉलमधून आई उत्तर द्यायची, आणि मध्ये फक्त एक पडदा असायचा, तोही कापडाचा. एकदा कमांड चालू असताना तन्वीरनं आतून "अम्मी, चाय!" अशी आरोळी ठोकली. हिमरूनं लिहिलं, 'काम पूर्ण होईपर्यंत जागेवरून उठू नका. चहा नंतर.' तन्वीरनं चहा रद्द केला.

"बाजी, सांगून का टाकत नाही?" मी विचारलं होतं.

"सांगून? अगं, मागच्या महिन्यात मी म्हणाले, बेटा, सगळीकडं एकच पासवर्ड ठेवू नको. तर म्हणतो, अम्मी, तेरेकू नै समझता. दुसऱ्या दिवशी तेच हिमरूनं सांगितलं. तर रात्री जेवताना मलाच शिकवतोय, अम्मी, एकच पासवर्ड ठेवायचा नसतो." त्या हसल्या, पण पूर्ण नाही. "माझं कोण ऐकतंय गं. हिमरूचं ऐकतो. ऐकू दे."

गेल्या हिवाळ्यात फोरमवर भूकंप झाला. एका मॉडरेटरनं सभासदांचे ईमेल पत्ते जाहिरातवाल्यांना विकल्याचं उघड झालं. फोरमचा मालक 'ग्रॅनाइट' या नावानं वावरतो. त्यानं जाहीर केलं की यापुढं प्रत्येक मॉडरेटरनं व्हिडिओ कॉलवर चेहरा आणि ओळखपत्र दाखवावं. ज्याला ते नको, त्यानं या लोकांची जुनी रीत पाळावी: आपल्याला प्रत्यक्ष भेटलेल्या एखाद्या सभासदाची ग्वाही आणावी. दोन्ही जमत नसेल त्यानं रविवारपर्यंत पद सोडावं. चेलीपुऱ्यात खोली भाड्यानं घ्यायची तरी याहून वेगळं काही नसतं. आधारकार्ड दाखवा, नाहीतर ओळखीचं कुणी आणा.

माहिती कुणाला देऊ नका म्हणणाऱ्यांनीच ओळखपत्र मागितलं, यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. उलट, ज्यांनी स्वतःचा देशसुद्धा कधी सांगितला नव्हता, ते सगळ्यात जोरात ओरडत होते.

हिमरूला प्रत्यक्ष कोण भेटलं होतं? कुणीच नाही.

"चेहरा दाखवायची मला लाज नाही," बाजी लॅबमध्ये म्हणाल्या. शेवटची बॅच गेली होती, त्या एकेक मशीन बंद करत होत्या. "पण चेहरा दिसला की लोकांचा आवाज बदलतो. आज मी चूक दाखवली तर म्हणतात, बरोबर, करतो. उद्या म्हणतील, मॅडम, तुम्हाला हे कुणी सांगितलं? आणि तन्वीर..." त्यांनी शेवटच्या मशीनचं बटण दाबून ठेवलं. "तो तर तिथून उठूनच जाईल. आईकडून शिकतं का कुणी?"

घरात तन्वीर ग्रॅनाइटच्या बाजूनं होता.

"हिमरूसाहेबांनी चेहरा दाखवायला काय हरकत आहे?" तो जेवताना म्हणाला. "लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?"

बाजींनी भाकरी त्याच्या ताटात टाकली. "हेच कंपन्या पण म्हणतात ना?"

"अम्मी, तेरेकू नै समझता."

"हौ बाबा. मला कुठं समजतं."

"कोण हे हिमरूसाहेब?" मोहियोद्दीनभाईंनी विचारलं.

"फिनलंडचे आहेत, अब्बा. मासे धरतात."

"सुखी माणूस," मोहियोद्दीनभाई म्हणाले.

रविवारी दुपारी फोरमवर शेवटची चर्चा लागली. बाकी मॉडरेटरांनी चेहरे दाखवले होते किंवा ग्वाही आणली होती. राहिला फक्त हिमरू. कुणी म्हणत होतं, त्याला सूट द्या. कुणी म्हणत होतं, सूट दिली तर नियम कशाला? बाजी हॉलमध्ये खटाऱ्यासमोर बसल्या होत्या. पडद्यावरच्या एका चौकटीत त्यांनी निरोप लिहायला घेतला होता: 'मी पद सोडतो. जाताना एकच सांगायचं आहे की...' ते एकच काय, हे सुचत नव्हतं. आतल्या खोलीत तन्वीर बसला होता. त्याच्या हेडफोनचा एक कान त्याच सकाळी बंद पडला होता. त्यामुळे त्याचा एक कान जगात होता आणि दुसरा, बऱ्याच महिन्यांनी, घरात.

पाणी खरं तर मंगळवारी यायचं होतं. पण गल्लीच्या तोंडाशी कहकशा आपांचा आवाज चढला, "पानी आया गे! पानी आया!"

बाजींची बोटं सवयीनं चालली. अर्धवट निरोपाच्या शेजारी चर्चेच्या चौकटीत त्यांनी टाइप केलं आणि पाठवलं: 'पाणी. नंतर येतो.'

तन्वीरच्या पडद्यावर ती तीन शब्दांची ओळ उमटली. त्याच क्षणी मोकळ्या कानात हॉलमधली खुर्ची सरकली, आणि अम्मीचा आवाज आला, "तन्वीर, मोटर लगा! झाकण मी काढते!"

हे आजवर कितीतरी वेळा असंच झालं असणार. तेव्हा तो कॉलेजात असायचा, नाहीतर दोन्ही कान झाकून.

तो बाहेर आला. बाजी अंगणात हौदाचं झाकण ओढत होत्या. खटाऱ्याचं कव्हर बाजूला होतं, पडदा उघडा होता, आणि वरच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरात मॉडरेटरचं नाव, हिमरू. खाली अर्धवट मजकूर.

तो मजकूर त्यानं वाचला नाही, असं त्यानं पुढं मला सांगितलं, अम्मीला नाही. कुणाची स्क्रीन उघडी दिसली तर वाचायची नाही, आधी कुलूप लावायचं. हे हिमरूनंच शिकवलेलं. त्यानं कुलपाची बटणं दाबली, पडदा काळा केला, आणि बाहेर जाऊन मोटर लावली.

"पाइप घट्ट धर," बाजी म्हणाल्या. "कुठं बघतोयस?"

"कुठं नाही."

"ड्रमात टाक मग. चपलांवर चाललंय पाणी."

त्यानं खाली पाहिलं. बाजींच्या चपला भिजत होत्या. त्यानं त्या उचलून पायरीवर ठेवल्या. हेही त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं, पण बाजींचं लक्ष टाकीकडे होतं.

पहिला ड्रम भरताच तो म्हणाला, "आलोच," आणि आत गेला. कपड्यानं हात पुसले आणि बेनामनं फोरमवर लिहिलं:

'मी हिमरूला ओळखतो. प्रत्यक्ष. ग्वाही देतो.'

ग्रॅनाइटनं लगेच विचारलं, 'कुठं भेटलात?'

'त्यांच्या घरी.'

'दिसायला कसे आहेत?'

'ते सांगणार नाही. त्यांनीच शिकवलंय.'

'मग विश्वास कशावरून ठेवायचा?'

पुढची ओळ जरा उशिरानं आली. 'मी त्यांच्या हातचं जेवलो आहे. माझं कधी काही चुकलं तर त्यांनी ते लोकांसमोर सांगितलं नाही. पुरे?'

डच सभासदानं लिहिलं, 'तळ्यातले मासे?'

'भाकरी,' बेनामनं लिहिलं, आणि लगेच ते पुसून टाकलं. 'हो, मासे.'

ग्वाही मान्य झाली. हिमरूनं एका भारतीय विद्यार्थ्याला थंडीत घरी ठेवून घेतलं होतं, आपल्या हातांनी मासे रांधून वाढले होते, ही हकीकत आता फोरमच्या इतिहासात जमा आहे.

टाकी भरली. बाजी पदराला हात पुसत खटाऱ्यासमोर येऊन बसल्या. पडदा काळा होता आणि पासवर्ड मागत होता. त्यांनी कुलूप लावलं नव्हतं. हाक ऐकून त्या तशाच उठल्या होत्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं. मग पासवर्ड टाकला, खालपर्यंत सगळं वाचलं, आणि निरोपाचा अर्धा मजकूर पुसला.

रात्री जेवताना तन्वीरनं पाणी मागितलं नाही, स्वतः उठून घेतलं. मोहियोद्दीनभाईंनी विचारलं, "काय झालं त्या फिनलंडवाल्याचं?"

"राहिला," तन्वीर ताटात बघून म्हणाला.

"चेहरा दाखवला?"

"गरज नाही पडली."

"चांगलं झालं," बाजी म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात न मागता भाकरी टाकली.

मला वाटलं होतं, आता घरात उघडपणे बोलणं होईल. सोमवारी मी लॅबमध्ये विचारलंही, "मग? काय म्हणाला तन्वीर?"

"काहीच नाही."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला म्हणू? त्यानं माझी स्क्रीन वाचली नाही. मी त्याचं तोंड वाचू का?"

पुढच्या खेपेचं पाणी सकाळी आलं. फोरमवर एका ब्राझीलच्या मुलाचा गेम सुरू होताच बंद पडत होता, आणि हिमरू त्याला पायरी-पायरीनं सांगत होता. गल्लीत हाक उठली. बाजी खुर्चीतून अर्ध्या उठल्या, तोच आतून तन्वीर निघाला. त्यानं दोन्ही कान मोकळे ठेवले होते. त्यांच्याकडे न बघताच तो हौदाकडे गेला. झाकण सरकल्याचा आवाज आला, मोटर घरघरली. बाजी परत बसल्या आणि त्यांनी ब्राझीलला पुढची पायरी सांगितली.

थोड्या वेळानं डच सभासदानं विचारलं, 'हिमरू, आज तुमचा तळ्यावर जायचा दिवस होता ना? गेला नाहीत? तब्येत बरी आहे?'

त्याखाली आणखी चार जणांनी हेच विचारलं. ग्रॅनाइटनंसुद्धा.

आजवर हिमरूनं या लोकांना आपल्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. देश नाही, वय नाही, घरात किती माणसं तेही नाही. बाजींनी कीबोर्डवर बोटं ठेवली, उचलली, परत ठेवली. मग लिहिलं:

'बरी आहे. आज मुलगा गेलाय.'

"अम्मी!" अंगणातून हाक आली. "टाकी भरली. बंद करू?"

"अजून एक ड्रम राहिलाय," बाजी म्हणाल्या. "वाकून बघ जरा."